शेजारची स्लाइड

लॅबमध्ये तिला सगळे 'चार मायक्रॉन' म्हणत. तोंडावर नव्हे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालून आत वळलं की डाव्या हाताला ती लॅब होती. ऑपरेशनमध्ये काढलेला माणसाचा कुठलाही तुकडा, गाठ असो नाहीतर अपेंडिक्स, मेणाच्या ठोकळ्यात बसून शेवटी तिच्या यंत्रासमोर येई आणि ती त्याचे काप काढी. एका मिलिमीटरचे अडीचशे भाग केले तर त्यातला एक जेवढा होईल तेवढा पातळ काप, म्हणजे चार मायक्रॉन. पाच तिला चालत नसत. दुसऱ्या कुणी पाचाचा काढला तर ती तो उजेडाकडे धरून विचारी, "हा काप आहे की सतरंजी?"

मुळात बाई अस्वस्थ. पायाला भिंगरी लावूनच आलेली. खुर्चीत बसली तर टाच हलत राहणार, उभी राहिली तर टेबलावर बोटं वाजणार. घरी जेवता जेवता मधेच उठून गॅस बंद आहे ना ते बघून येई, आणि बंद आहे हे बघून आल्यावर पुन्हा एकदा बघून येई. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लोकांशी शांतपणे गप्पा मारत काम करायची त्याला सवय होती, त्यामुळे बायकोचं हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. फक्त यंत्राचं चाक हातात आलं की ती थांबे. श्वास रोखून चाक फिरवी, मेणाची नाजूक पट्टी पात्यावरून उतरे, ती कोमट पाण्यावर तरंगत सोडायची आणि काचेवर अलगद उचलून घ्यायची. तेवढ्या वेळात कुणी शिंकलं तरी त्याची धडगत नसे.

आणखी एका बाबतीत ती कुणाची गय करत नसे. संशयाची स्लाइड असली की तिच्या शेजारी त्याच अवयवाची निकोप स्लाइड ठेवायची, तोच स्टेन म्हणजे रंग, तोच दिवस, तीच बाटली. लॅबमध्ये त्याला कंट्रोल म्हणत. शेजारी कंट्रोल नसेल तर ती अख्खा ट्रे परत पाठवी. "कशाच्या मानाने जास्त? कशाच्या मानाने कमी? काय, अंदाजपंचे सांगायचं का लोकांना?" नव्या आलेल्या डॉक्टरांनासुद्धा तिने या एका गोष्टीवरून धारेवर धरलं होतं.

अशा बाईचे तीन वर्षांत तीन गर्भ गेले होते.

पहिला आठव्या आठवड्यात, दुसरा दहाव्या. दोन्ही वेळा तिच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, त्यांत काही निघालं नाही. तिसरा नवव्या आठवड्यात थांबला आणि त्यासाठी तिला याच रुग्णालयात, वरच्या मजल्यावर दाखल व्हावं लागलं. पाचव्या दिवशी ती कामावर आली. रुग्णालयाच्या नियमाप्रमाणे जे काही काढलेलं असेल ते तळमजल्यावर येई, तसं तेही, गर्भाशयाच्या अस्तरासकट, आलं होतं. ठोकळ्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो. नंबर तिला पाठ होता.

"याला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. कुणी लावला नाही. तिने स्वतःच कापलं, चारच मायक्रॉन.

लॅबच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी स्लाइड बघून रिपोर्ट लिहिला की संशयास्पद काही दिसत नाही. तिचं समाधान होईना. काही नाही म्हणजे काय? काही नसताना एखादी गोष्ट तीनदा कशी होते? घरी, बसस्टॉपवर, आंघोळीच्या वेळी, डोक्यात तेच चाक फिरत राहिलं. मग तिला एक जुनं व्याख्यान आठवलं. बाळ अर्धं आईचं असतं पण अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने अर्धं परकं. आणि शरीरात परक्यांवर तुटून पडणाऱ्या पेशी असतात, बसल्या जागी पहारा करणाऱ्या. त्यातल्या एका जातीला पुस्तकात नावच 'नॅचरल किलर' असं आहे. जन्मजात मारेकरी! लॅबच्या फ्रिजमध्ये एक बाटली होती, तिचा थेंब टाकला की नेमक्या या पेशी तपकिरी रंगतात. काही विशिष्ट गाठींसाठी ती मागवलेली असे.

एके दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिने स्वतःच्या उरलेल्या कापावर तो थेंब टाकला आणि पुढचे सगळे टप्पे हळूच उरकले. संध्याकाळी घरी जायच्या आधी मायक्रोस्कोपला डोळा लावला, आणि तिच्या काळजात धस्स झालं. पांढऱ्या चादरीवर मोहरी सांडावी तसे तपकिरी ठिपके, जिकडे बघावं तिकडे.

तिने कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला तर नाहीच. सांगणार काय, की आपली तिन्ही लेकरं मीच गिळली? स्लाइड तिने आपल्या खणात हातमोज्यांच्या खोक्याखाली ठेवली. त्यानंतरची दोन वर्षं ती सगळ्यांना अधिकच कडक वाटली. नवे लोक म्हणायचे, बाई दगड आहे. तीन वेळा असं होऊनही डोळ्यांतून टिपूस नाही. आता तिच्या बाजूने बघा. रडायचा हक्क ज्याचं गेलं त्याचा. ज्याने घालवलं त्याने कुठल्या तोंडाने रडावं?

आणि मग दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले.

सहावा आठवडा लागला तेव्हा नणंदेने आपल्या ओळखीच्या एका क्लिनिकचं नाव सुचवलं. चकचकीत जागा, भिंतीत मासे पोहत होते, खुर्च्या इतक्या मऊ की बसलं की उठवेना. तरी हिला त्या बोचत होत्याच. तिथल्या डॉक्टरांसमोर तिने दोन वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "माझ्या गर्भाशयाच्या अस्तरात किलर पेशी फार आहेत. मी स्वतः बघितल्यात."

काय बघितलं, कसं बघितलं, त्यांनी काही विचारलं नाही. दंडातून रक्त घेतलं, दोन दिवसांनी सांगितलं की होय, वाढलेल्याच आहेत. प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या. सोमवारपासून रोज सकाळी एक, आणि पुढचं पुढे बघू.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला एवढंच सांगितलं की माझ्या रक्तात काहीतरी वाढलंय, त्याच्या गोळ्या आहेत. तो म्हणाला, "मग घे की. आपल्या हातात काहीतरी आलं, हे काय थोडं आहे?" तिलाही तसंच वाटत होतं. गुन्हेगार सापडला होता, बेड्याही मिळाल्या होत्या. तरी एक गोष्ट तिने मुद्दाम टाळली. आपल्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंना तिने त्या क्लिनिकच्या बाबतीत ताकास तूर लागू दिली नाही. का लागू दिली नाही, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

शनिवारी लॅब दुपारी रिकामी व्हायची. सगळे गेले, ती रेंगाळली. पर्समध्ये गोळ्यांची पट्टी होती, सकाळपासून तिने ती चारदा चाचपून बघितली होती. परवापासून लढाई सुरू करायची, तर शत्रूचं तोंड एकदा नीट बघून घ्यावं, असं तिच्या मनाने घेतलं. खण उघडून तिने हातमोज्यांखालून स्लाइड काढली आणि मायक्रोस्कोपखाली सरकवली. मोहरी तशीच होती.

"काय बघतेयस?"

मोठ्या बाई चष्मा विसरल्या होत्या म्हणून परत आल्या होत्या. ती दचकून उठली.

"काही नाही, मॅडम. जुनी आहे एक."

मोठ्या बाईंची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. बोलणं मोजकं, चाल संथ, आणि 'काही नाही' या उत्तरावर त्यांचा अजिबात विश्वास नसे. आयुष्यभर तेच शब्द रिपोर्टात लिहून लिहून त्यांना त्यांची किंमत कळली होती. "सरक," म्हणत त्या बसल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"स्टेन सुरेख झालाय. गर्भाशयाचं अस्तर. आठ-नऊ आठवड्यांचं. कुणाचं?"

"माझं."

मोठ्या बाईंनी डोळा काढला नाही. "बरं. आणि तुझं म्हणणं काय?"

मग तिने सांगितलं. उभ्या उभ्या, येरझाऱ्या घालत, एका दमात. तिन्ही वेळचं, दुपारच्या थेंबाचं, क्लिनिकचं, सोमवारचं. परवानगीशिवाय बाटली वापरली तेही सांगून टाकलं. बोलता बोलता तिने टेबलावरचा पेन तीनदा उघडून मिटला.

मोठ्या बाई म्हणाल्या, "तर या पेशी फार आहेत."

"दिसतायत ना, मॅडम! किती आहेत!"

"हो. पण कशाच्या मानाने?" त्यांनी आता मान वर केली. "शेजारची स्लाइड कुठंय?"

तिचे कान गरम झाले. जिने अख्खे ट्रे परत पाठवले, डॉक्टरांची बिनपाण्याने केली, त्या बाईने स्वतःच्या बाबतीत कंट्रोल लावलं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या मांसाच्या कणभर तुकड्यावर तिने असा अन्याय होऊ दिला नसता. स्वतःला मात्र एका दुपारी, एका बाटलीच्या जोरावर, शिक्षा सुनावून मोकळी झाली होती. आणि दोन वर्षं ती भोगत होती.

"नाही लावली," ती म्हणाली.

"मग लाव. मी आहे इथेच."

मोठ्या बाईंनी रजिस्टरमधून एक नंबर शोधून दिला. आठव्या आठवड्यातलं अस्तर. ज्या बाईचं ते होतं तिने स्वतःच्या निर्णयाने गर्भ थांबवला होता, गर्भाला किंवा तिला काहीही झालेलं नव्हतं. निकोप म्हणतात तो हाच. तिने कपाटातून तो ठोकळा काढला, थंड केला, यंत्रावर चढवला. त्याच्या शेजारी स्वतःच्याही ठोकळ्याचा नवा काप घेतला. एकाच बाटलीतले थेंब दोघांवर टाकले. हात एकदाही हलला नाही.

पण त्यानंतर स्टेन चढायला तीन-साडेतीन तास लागतात, आणि ते तास काही केल्या जाईनात. एक टप्पा झाला की घड्याळ, दुसरा झाला की घड्याळ. मधल्या वेळात तिने सिंक घासलं, मग बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या, मग त्या पुन्हा नावाप्रमाणे लावल्या. नवऱ्याचा फोन आला तो घेतला आणि काय बोलली ते तिलाच कळलं नाही. मोठ्या बाई कोपऱ्यात पेपर वाचत होत्या. तिला एकदम त्यांचा राग आला. आपला जीव टांगणीला लागलाय आणि या शब्दकोडं सोडवतायत! दुसऱ्या क्षणी स्वतःचाच राग आला.

लॅबमध्ये एक मायक्रोस्कोप असा होता की दोघांना समोरासमोर बसून एकच स्लाइड बघता येई. आधी तिची ठेवली. मोहरी. मग शेजारची.

शेजारच्या स्लाइडवरही तितकीच मोहरी होती. थोडी जास्तच असेल.

"ही... निकोप?"

"निकोप."

"पण यातही आहेत."

"असणारच. या नसतील तर मला काळजी वाटेल." मोठ्या बाईंनी स्लाइड किंचित सरकवली. "रक्तात फिरणाऱ्या किलर पेशी वेगळ्या आणि या अस्तरातल्या वेगळ्या वागतात. गर्भ राहिला की या इथे गर्दी करतात. ही रक्तवाहिनी बघ, भिंत जाड आहे, तोंड अरुंद. आता ही बघ, जिच्याभोवती घोळका आहे. भिंत सैल पडलीय ना? तोंड केवढं रुंद झालंय! ते काम या करतात, आणि गर्भाकडून येणाऱ्या पेशी ते पुढे नेतात. रस्ता रुंद झाला नाही तर बाळाला आईचं रक्त पुरत नाही. शिवाय आणखीही काही पेशी असतात, बाकीच्यांना आवरून धरणाऱ्या, की बाबांनो, हे परकं नाही, धिंगाणा नको. सगळं तुझंच सैन्य, पण इथे ते बांधकामावर असतं."

"म्हणजे या मारत नाहीत."

"या स्लाइडवर मला मारामारी कुठेही दिसत नाही. तुझ्याही नाही."

"आणि रक्ताची तपासणी?"

"दंडातलं रक्त बघून अस्तरात काय चाललंय ते कळत नाही. गोळ्यांचं म्हणशील तर मी तुझी डॉक्टर नाही. तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे जा. आणि या वेळी काही लपवू नकोस."

ती एकदम म्हणाली, "मग माझी तिन्ही का गेली?"

"माहीत नाही."

"मॅडम!"

"खरंच माहीत नाही गं. पुष्कळदा गर्भाच्याच गुणसूत्रांच्या जुळणीत अगदी सुरुवातीला चूक झालेली असते, तिथे कुणाचा इलाज चालत नाही. तुझं तसंच झालं असेल. पण या काचेवरून मी ते छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि सांगणारही नाही."

कुणाला वाटेल की आता तिचा जीव भांड्यात पडला असेल. कसला पडतोय! तिच्या पायाखालची जमीनच गेली. दोन वर्षं तिच्याकडे निदान एक कारण होतं, घाणेरडं का होईना, पण आपलं. कारण होतं म्हणून इलाजही होता, पर्समध्ये पट्टीत बसलेला. आता ना कारण, ना इलाज. नुसतं थांबायचं, आणि थांबणं तर तिला जन्मात जमलेलं नव्हतं. बसने जायचं सोडून ती घरापर्यंत चालत गेली. तीन सिग्नल लागले, तिन्ही ठिकाणी ती लाल दिवा असताना रस्त्यावर उतरली आणि शिव्या खाऊन मागे आली.

नवरा दारातच भेटला. कुठल्याशा इमारतीची लिफ्ट अडकली होती, तो बूट घालत होता. तिने पर्स उघडून पट्टी चपलांच्या स्टँडवर ठेवली.

"मी या घेणार नाही. सोमवारी डॉक्टरीणबाईंना विचारीन, त्या म्हणाल्या तरच."

"अगं, असं काय करतेस? इतकं ठरलं होतं!"

"गरज नाहीये त्यांची. मी आज बघून आलेय."

"तू बघून आलीस ठीक आहे, पण घेतल्या तर काय बिघडतं? काहीतरी तर करू या." शांत माणूस, पण त्याचा आवाज चढला. "आणि उद्या हेही गेलं तर? घेतल्या असत्या तर राहिलं असतं, असं जन्मभर वाटत राहील."

"गेलं तर जाईल," ती म्हणाली. तिला स्वतःच्याच शब्दांची भीती वाटली, पण थांबता येईना. "पण मी मारलेलं नसेल."

"तू मारलंस असं कोण म्हणतंय?"

"मी. मी म्हणतेय. दोन वर्षं."

मग तिने त्याला सगळं सांगितलं. तो एका पायात बूट घालून तसाच जमिनीवर बसला. तिचं संपल्यावर बराच वेळ बुटाची नाडी बोटाला गुंडाळत राहिला.

"मला वाटायचं माझ्यामुळे," तो म्हणाला. "लिफ्टच्या मशीनच्या खोल्यांमध्ये काय काय धूर असतो, ग्रीस असतं, कसलं कसलं तेल. म्हटलं, तेच अंगाला लागून घरी येतंय. म्हणून तर मी तुला कधी काही विचारलं नाही. विचारलं आणि तू हो म्हणालीस तर?"

तिने त्याच्याकडे बघितलं. रोज कामावरून आल्या आल्या हा माणूस कुणाशी न बोलता थेट आंघोळीला का पळतो, हे तिला आत्ता कळलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की त्याला आपलं तोंड बघायचं नसतं. ती त्याच्या शेजारी फरशीवर बसली. तिकडे दोन मजल्यांच्या मधे कोण अडकलं होतं देव जाणे, त्यांना त्या दिवशी अर्धा तास जास्त थांबावं लागलं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी तिला फैलावर घेतलं. त्या गोळ्यांनी तिला होईल असा काही फायदा नव्हता आणि उगाच घेण्यासारखं ते औषधही नव्हतं. "मला न सांगता पुन्हा कुठे गेलीस तर बघ," असा दम भरून त्यांनी पुढची तारीख दिली.

मग दिवस मोजणं सुरू झालं. आठवा आठवडा गेला. नववा लागला तशी ती तासाला बाथरूममध्ये जाऊन रक्त तर नाही ना ते बघून येऊ लागली. लॅबमध्ये लोकांना वाटलं, बाईंचं पोट बिघडलंय. रागावणं वाढलं, मग अचानक थांबलं, त्याची सगळ्यांना जास्त धास्ती वाटली. दहाव्या आठवड्यात एका दुपारी कंबर दुखली आणि ती मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन नुसती उभी राहिली. त्यांनी काही विचारलं नाही, खुर्ची दाखवली. ती बसली नाही. पंधरा मिनिटांनी दुखणं थांबलं. 'आता सगळं ठीक होईल' असं त्या बोलल्या नाहीत, याबद्दल ती त्यांची कायमची ऋणी राहिली.

बाराव्या आठवड्यात सोनोग्राफी होती. नवरा बाहेर थांबला. खोलीत अंधार होता, पोटावर थंडगार जेल लावलं, आणि तपासणाऱ्या बाईंनी पडद्यावर ठोके दाखवले. ते होते. ती "हं" म्हणाली. ठोके तिने आधीही बघितले होते, पहिल्या वेळी, दुसऱ्या वेळी. ठोक्यांवर विसंबायचं नाही हे ती शिकली होती, त्यामुळे हाताची मूठ काही सुटली नाही.

मग त्या बाईंनी कसलंसं बटण दाबलं आणि काळ्यापांढऱ्या पडद्यावर रंग उमटला. लाल, निळा, पुन्हा लाल. दर ठोक्याला ढकलल्यासारखा येत होता.

"हे बाळाचं का?" तिने विचारलं.

"नाही, हे तुमचं." बाई सहज म्हणाल्या, एकीकडे आकडे टिपत. "गर्भाशयाकडे जाणारं तुमचं रक्त बघतेय. दोन्ही बाजूंनी छान येतंय. वाट चांगली मोकळी झालीय."

ती बघत राहिली. तो लाल रंग तिचा होता. कुणाला कळायच्या आधी, ती स्वतःला नावं ठेवत असताना, सिग्नलवर शिव्या खात असताना, बाथरूमकडे धावत असताना, आत तिच्याच पेशी रस्ता रुंद करत होत्या. आणि मागच्या तिन्ही वेळी निदान तिच्या बाजूने तरी त्या लेकरांवर कुणी हात उगारला नव्हता. ती त्यांची मारेकरीण नव्हती. ती त्यांची आई होती आणि तिची तीन मुलं गेली होती.

तेव्हा ती रडली. आवाज करून, नाक ओढत, पोट हलेल इतकी. पडदा हलायला लागला तशा त्या बाई घाबरल्या. "अहो, सगळं चांगलं आहे! बाळ ठीक आहे! रडताय कशाला?"

"याच्यासाठी नाही," तिने कसंबसं सांगितलं. "आधीची तीन होती."

बाईंनी यंत्रावरचा हात काढून घेतला, दिवा लावला नाही, आणि दार किलकिलं करून बाहेर बसलेल्या नवऱ्याला आत बोलावलं.